सहावी ते आठवी: पहिल्या सत्रात नेमके कोणते उपक्रम घ्यावेत?

खडूफळा

वार्षिक नियोजन लिहायला बसलं की उपक्रमांच्या रकान्यात दिनविशेषांची रांग लागते. योगदिन, वृक्षदिंडी, टिळक पुण्यतिथी, हिंदी दिन, वाचन प्रेरणा दिन. प्रत्येकाचा फोटो निघतो, अहवाल वर जातो आणि मुलांच्या वहीत काहीच उरत नाही. दिनविशेष परिपाठातल्या दहा मिनिटांत बसवावेत. सहावी ते आठवीच्या मुलांना मोजायला, लिहायला आणि आकड्यांवरून भांडायला लावणारे उपक्रम वेगळे काढावेत, असं माझं ठाम मत आहे.

२०२६ चं पहिलं सत्र लांब आहे. अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आलंय. १५ जूनपासून धरलं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वीस आठवडे मिळतात. गणपती, चाचण्या आणि संकलित मूल्यमापन (सत्राच्या शेवटची परीक्षा) वजा करा, तरी पंधरा-सोळा आठवडे कामाचे राहतात. उपक्रमांसाठी राखलेला आनंददायी शनिवार हाताशी आहेच.

माझी मांडणी अशी: दोन उपक्रम सत्रभर चालणारे (पावसाची नोंद आणि हस्तलिखित) आणि चार छोटे. जूनमध्ये बियाण्यांची उगवण, सप्टेंबरमध्ये सावली, दसऱ्याच्या आसपास बाजार, शेवटी किल्ला. छोट्यांना प्रत्येकी आठवडा पुरतो. सहापेक्षा जास्त काहीही घेऊ नये.

पावसापासून सुरुवात करतो.

दोन लिटरची थंड पेयाची बाटली घ्या, सरळ उभ्या बाजूंची. मध्येच चिमटलेली किंवा वळ्या असलेली नको. खांद्याखाली, जिथून गोलाई सुरू होते तिथे कापा. वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवा, की नरसाळं तयार. बाटलीचा तळ पाकळ्यांसारखा असतो, त्यामुळे पट्टी तळापासून लावली तर पहिले काही मिलिमीटर खोटे येतात. म्हणून तळाशी खडे घालून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि त्या पातळीवर शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी पारदर्शक टेपने चिकटवा. खडे वाऱ्यालाही उपयोगी पडतात. रोज मोजून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं.

मोजायची वेळ सकाळी ८.३०. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस याच वेळेला संपतो. त्यामुळे आपला आकडा कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरच्या महसूल मंडळाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. दुपारची शाळा असेल तर जवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लावा, पण वेळ बदलू नका.

जागा निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. गच्चीवर ठेवलं तर वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो. भिंतीलगत ठेवलं तर पागोळ्या पडतात किंवा आडोसा होतो. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा, आणि तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर येईल असं विटांत बसवा. त्याहून खाली ठेवलं तर चिखलाचे शिंतोडे आत जातात.

वहीत चार रकाने: तारीख, मिमी, आकाश कसं होतं, मोजणाऱ्याचं नाव. २.५ मिमी किंवा जास्त झाला तर तो 'पावसाचा दिवस'. ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. मुलांना हे वर्ग पाठ करायला सांगावे लागत नाहीत, दोनदा जोराचा पाऊस झाला की तेच विचारायला येतात.

मोजपट्टी

उत्तम धागा. बाटलीबद्दल एक भर.

बाटलीचं नरसाळं आणि बाटली एकाच व्यासाची असल्यामुळे पट्टी थेट वाचता येते. पण पुष्कळ शाळा बाजारातलं मोठं नरसाळं आणि खाली अरुंद डबा ठेवतात आणि डब्यातली उंची 'मिमी' म्हणून लिहितात. ते साफ चुकतं. तिथे पाणी मापाने मोजावं लागतं: मिलिलिटरला दहाने गुणायचं आणि नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौ. सेंमी) भागायचं. तोंड १० सेंमी व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ ७८.५, म्हणजे १ मिमी पावसाला जेमतेम ७.८५ मिलि पाणी.

आठवीच्या मुलांना उलटा प्रश्न द्या: बरोबर १०० चौ. सेंमी तोंडाचं नरसाळं हवं, तर व्यास किती? उत्तर येतं ११.३ सेंमी. मग १० मिलि म्हणजे १ मिमी, हिशोब तोंडी. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांतही १०० आणि २०० चौ. सेंमीची तोंडं असतात, ती याच सोयीसाठी. व्यास पट्टीने मोजण्यापेक्षा दोरीने परीघ मोजून ३.१४ ने भागा. प्लास्टिकचं तोंड क्वचितच नीट गोल असतं.

आलेखाचीही वाटणी आपोआप होते. सहावीला रोजच्या पावसाचा साधा स्तंभालेख, सातवीला आपला आणि मंडळाचा आकडा शेजारी घेऊन जोडस्तंभालेख, आठवीला महिन्यांचा विभाजित आणि शतमान स्तंभालेख. आणि सगळ्यांना छपराचं गणित: १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर म्हणजे १ लिटर. ६ × ८ मीटरच्या वर्गखोलीवर २५ मिमी पडला तर १२०० लिटर. टाकीत त्याहून कमी येतं, कारण छप्पर आधी स्वतः भिजतं, काही पन्हळीबाहेर उडतं. ती तूट किती, हे शोधायला लावा.

घाटमाथा

कोकण आणि घाटावरच्या शाळांसाठी: बाटलीत साधारण २०० मिमीच मावतात आणि जुलैत एखाद्या दिवशी ती भरून वाहते. भरून वाहिली तर आकडा '२००' लिहू नये, '२०० पेक्षा जास्त' लिहावा. रेड अलर्टच्या दिवशी संध्याकाळी एकदा मोजून रिकामी करायची आणि सकाळच्या आकड्यात मिळवायची.

सुट्टीच्या दिवसांचं काय? रविवारी कोणी मोजलं नाही तर सोमवारी दोन दिवसांचा एकत्र आकडा येतो. तो दोनाने भागून दोन्ही दिवसांपुढे लिहिण्याची सवय फार दिसते. त्याने 'पावसाचे दिवस' खोटे वाढतात. दोन्ही तारखांना कंस घालून एकच आकडा लिहा.

वर्धेकर_ताई

विदर्भात आमच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तोवर पेरण्या लागलेल्या असतात. बियाणं उगवणीचा उपक्रम कसा घ्यावा? आणि नेमकी कृती कोणी लिहील का?

खडूफळा

ताई, कृती लिहितो.

घरचं राखलेलं सोयाबीन घ्यायचं. पिशवीतलं रंग चढवलेलं, औषध लावलेलं बियाणं मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही. बी निवडायचं नाही. पोत्यात वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ काढून मिसळायचं आणि त्यातून सरसकट १०० दाणे मोजायचे. मुलं टपोरे दाणे वेचतात आणि मग निकाल छान येतो. इथे बारीक लक्ष हवं.

गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यांत दोन सेंटीमीटर अंतर. वरून दुसरा ओला तुकडा, सैल गुंडाळी, दोन्ही टोकांना सुतळी. सावलीत ठेवायचं आणि रोज पाणी शिंपडायचं. पाणी निथळत असेल तर जास्त झालं: दाणे कुजतात, बुरशी धरते आणि दोष बियाण्यावर जातो. पाचव्या ते सातव्या दिवशी उलगडून मोजायचं. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच 'उगवले' धरायचे. नुसते फुगलेले किंवा तुटक्या मुळाचे वेगळे मोजायचे. सोयाबीनला ७० टक्के ही किमान मर्यादा. त्याचं टरफल नाजूक असतं, पोती आपटली की आतला कोंब दुखावतो आणि बी वरून ठणठणीत दिसूनही उगवत नाही. 'तुटक्या मुळाचे' हा रकाना त्यासाठी ठेवायचा.

विदर्भासाठी हाच उपक्रम ऑक्टोबरात रब्बीला न्या, हरभऱ्यावर. कृती तीच, आणि त्या वेळी घरोघरी हरभऱ्याच्या बियाण्याचीच चर्चा असते.

मोजपट्टी

यात गणिताची मोठी संधी आहे, ती सोडू नका. एकाच पोत्यातलं बी सहा गटांना दिलं तर कोणाचे ६५ उगवतील, कोणाचे ७६. मुलांना वाटतं कोणाचं तरी चुकलं. तसं नसतं. खरी उगवण ७० टक्के असली तरी शंभराच्या नमुन्यात नऊ-दहाने इकडेतिकडे होणं अगदी स्वाभाविक आहे. सहाही गटांची बेरीज करून ६०० पैकी किती, हे काढलं की तो आकडा जास्त भरवशाचा. सरासरी कशासाठी काढायची, हे सातवीच्या वर्गाला याहून चांगलं दुसऱ्या कशाने कळेल असं वाटत नाही.

आठवीचे_वर्गशिक्षक

सगळं पटतं, पण वेळेचं बोला. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास पुनर्परीक्षा. त्यात आठवीला एनएमएमएस, म्हणजे केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. ऑगस्टपासून पालक सराव प्रश्नपत्रिका मागतात. उपक्रमांना तास कुठून काढायचे? शिवाय आकारिकच्या, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदी वेगळ्या लिहायच्याच आहेत.

खडूफळा

सर, नोंदींपासूनच सुरू करू. सातवी-आठवीला आकारिक ४० गुण, संकलित ६०, त्यातले १० तोंडी-प्रात्यक्षिक आणि ५० लेखी. सहावीला निम्मे-निम्मे. म्हणजे ४० गुण या कामांवरच बसलेले आहेत. ते आपण सत्राच्या शेवटी घाईने, आठवून भरतो, ही खरी अडचण आहे.

एकच पाऊसवही तीन विषयांत तीन वेगळ्या साधनतंत्रांखाली (मूल्यमापनाच्या पद्धतींखाली) मोजता येते: विज्ञानात प्रात्यक्षिक, गणितात स्वाध्याय (आलेख), भूगोलात प्रकल्प. फक्त प्रत्येक विषयात काय तपासलं ते वेगळं लिहा. विज्ञानात मांडणी आणि वाचन अचूक आहे का, गणितात प्रमाण आणि अक्ष बरोबर आहेत का, भूगोलात निष्कर्ष काढता येतो का. त्याच पानाला तिन्हीकडे 'छान' लिहून गुण दिले तर ते मूल्यमापन होत नाही.

वेळेचं म्हणाल तर पाऊस मोजायला रोज पाच मिनिटं. आलेख गणिताच्या तासालाच निघतो, तो धडा तसाही शिकवायचाच आहे. आठवीला मी बाजार आणि किल्ला यांपैकी एकच घेतला तरी हरकत घेणार नाही.

निळी_शाई

हस्तलिखिताबद्दल मी लिहिते, कारण ते बहुतेक ठिकाणी एकाच रीतीने बिघडतं. सुरेख अक्षराच्या तीन मुली सगळं उतरवतात आणि बाकी वर्ग बघत बसतो. उपाय एकच: ज्याने मजकूर लिहिला त्यानेच तो पानावर उतरवायचा. अक्षर वाकडं असलं तरी चालेल, पण ओळी आखलेल्या हव्यात.

कागद ए-थ्री लेजर. आठ ताव मधोमध दुमडले की ३२ पानं होतात. पानांची संख्या चारच्या पटीतच येते, हे आधी ठरवलं नाही तर शेवटी दोन कोरी पानं उरतात किंवा एक कविता बाहेर राहते. म्हणून साध्या कागदाची डमी करा, प्रत्येक पानावर क्रमांक आणि मजकुराचं नाव पेन्सिलने लिहा. ताव सुटे केल्यावर दिसतं की पहिल्या तावावर १, २, ३१ आणि ३२ ही पानं येतात. मुलांना हे कोडं फार आवडतं. शिवणीच्या बाजूला अडीच सेंटीमीटर समास, नाहीतर शब्द शिवणीत जातात. काळं जेल पेन, पेन्सिलीची आखणी सुकल्यावरच खोडायची. पाच भोकं पाडून दुहेरी दोऱ्याने शिवा. स्टेपलची पिन पावसाळी हवेत गंजते आणि पानावर डाग पडतो.

वेळापत्रक: जुलैअखेर विषय आणि डमी, ऑगस्ट-सप्टेंबर मजकूर आणि दुरुस्ती, ऑक्टोबरमध्ये उतरवणं आणि शिवण. दुरुस्तीला पूर्ण महिना द्या. मुलाला पहिला खर्डा परत देताना लाल पेनाने सगळं सुधारून देऊ नका, तीनच गोष्टी सांगा.

मजकूर कुठून आणायचा? 'माझी आई' आणि 'पाऊस' यांवर तीसेक निबंध जमवण्यापेक्षा कारागिरांच्या मुलाखती घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, ते नेमके स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकण्यासाठीच. गटाने दहा प्रश्न आधी लिहून आणायचे, त्यातले 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपणारे खोडायचे. 'तुम्हाला हे काम आवडतं का?' याऐवजी 'मडकं भट्टीत कशामुळे तडकतं?' असं विचारलं की कारागीर बोलू लागतो. हत्यारांची नावं त्याच्या तोंडची तशीच लिहून घ्या.

गणितप्रेमी

मुलाखतीला एक मोजणीही जोडा. सायकल दुरुस्तीच्या दुकानात पुढच्या चेनव्हीलचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजायचे. समजा ४४ आणि १८. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाक ४४ ÷ १८ = सुमारे २.४४ वेळा फिरतं. चाकाचा परीघ मोजा, २६ इंची चाकाला तो साधारण २.०७ मीटर. गुणाकार सुमारे ५.०६ मीटर. आता टायरवर खडूची खूण करून पॅडलची एक फेरी होईपर्यंत सायकल सरळ मागे ढकलत न्या आणि जमिनीवर अंतर मोजा. कोणी वर बसलं असेल तर टायर दबतो आणि अंतर थोडं कमी भरतं. हवा कमी असेल तर आणखी कमी. 'गणित चुकलं' असं म्हणू देऊ नका, कारण विचारा.

बाजाराचंही सांगतो. बाल आनंद मेळाव्यात, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या बाजारात, बहुतेक मुलं घरची भाजी आणतात आणि खरेदी शून्य लिहितात, म्हणजे सगळी विक्री नफा. तो हिशोब बाद. घरचा माल असला तरी त्या आठवड्याच्या बाजारातला ठोक भाव खरेदी म्हणून लिहायचा. वाहतूक आणि पिशव्याही खर्चात धरायच्या.

एक उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या. मेथीच्या १० जुड्या ८ रुपयांनी घेतल्या, खर्च ८० रुपये. ८ जुड्या १२ रुपयांनी विकल्या, आले ९६. दोन सुकल्या. नफा १६ रुपये, म्हणजे खरेदीवर २० टक्के. मुलं विकलेल्या आठच जुड्यांची खरेदी धरून ६४ वर ३२ रुपये, म्हणजे ५० टक्के नफा काढतात. सुकलेल्या जुड्यांचे पैसे कोणी दिले, एवढाच प्रश्न विचारा.

प्रत्येक गाळ्याला सुरुवातीला शंभर रुपयांची सुट्टी नाणी-नोटा द्या आणि वहीत 'आरंभीची शिल्लक' म्हणून लिहा. ती नफ्यात मिसळली जाण्याचा प्रकार दर वेळी होतो. तराजू बंद एक किलो मिठाच्या पुड्याने तपासून घ्या.

वर्धेकर_ताई

सावलीबद्दल कोणी लिहिलं नाही. सप्टेंबरमध्ये ऊन असेल का?

मोजपट्टी

ताई, ढगांचा धोका आहेच, पण तारीख ताणता येते. २३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर असतो. त्याच्या मागेपुढे दोन दिवस झाले तरी फरक एका अंशाच्या आत राहतो. त्यामुळे २१ ते २५ पैकी ज्या दिवशी ऊन पडेल तो दिवस. या दिवसांत गणपती आहेत, शाळा बंद असेल तर मुलांना घरच्या अंगणात करायला द्या.

सपाट जागेवर बरोबर १ मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. स्थानिक मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही: त्या सुमारास मुंबईत १२.३१, पुण्यात १२.२७, नागपूर भागात १२.०६. म्हणून पश्चिम महाराष्ट्रात १२ ते १ आणि विदर्भात ११.४० ते १२.३० दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत आखूड सावली घ्यायची. पुण्यात ती सुमारे ३३.५ सेंमी, नागपूरला ३८.७.

त्रिकोणमिती लागत नाही. कागदावर १० सेंमी उभी रेघ, पायथ्याशी काटकोनात ३.३५ सेंमी आडवी, टोकं जोडा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. साडेअठरा अंश, म्हणजे पुण्याचं अक्षांश. सातवीच्या भूगोलातल्या ऋतुनिर्मितीच्या धड्याला हे नेमकं जुळतं.

चूक कुठे होते: सावलीचं टोक पुसट असतं, एक सेंटीमीटरभर. एक जण गडद भागाचं टोक धरतो, दुसरा फिकट भागाचं. पुसट पट्ट्याचा मध्य धरायचा असं आधी ठरवा. एका सेंटीमीटरची चूक म्हणजे अर्ध्या अंशाची चूक. काठी किंचित कलली तर मात्र त्याहून जास्त बिघडतं.

घाटमाथा

किल्ल्याचं राहिलं. दिवाळीत दगड-मातीचा किल्ला सगळेच करतात. शाळेत तो नकाशावरून करावा. समोच्चरेषांचा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) धडा सातवीला दुसऱ्या सत्रात आहे, पण हात आधी लागला तर धडा सोपा जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी डोंगरी एक निवडा. राजगड, प्रतापगड किंवा साल्हेर चांगले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग यांना उंचीच नाही, या कामाला ते निरुपयोगी.

सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर १:५०,००० चे नकाशे मिळतात, त्यात समोच्चरेषा २० मीटर अंतराने असतात. दीड किलोमीटरचा डोंगर नकाशावर ३ सेंमी. नकाशावर ५ मिलिमीटरच्या चौकटी आखा, मोठ्या कागदावर ५ सेंटीमीटरच्या, आणि चौकटीगणिक रेषा उतरवा. दहापट मोठं झालं, म्हणजे १:५,०००, डोंगर ३० सेंमी. या प्रमाणात २० मीटर म्हणजे ४ मिलिमीटर. खोक्याचा पुठ्ठा तीन ते पाच मिलिमीटरचा असतो, म्हणजे एक रेषा म्हणजे पुठ्ठ्याचा एक थर, आणि उंची जवळपास खऱ्या प्रमाणातच येते.

सगळ्या रेषा उतरवत बसलात तर चाळीस थर कापावे लागतील. पायथा सोडा, माथ्यापासून खाली १५ थर घ्या. कड्याच्या ठिकाणी रेषा एकमेकींना चिकटतात, तिथे मुलं गोंधळून एखादी गाळतात. म्हणून प्रत्येक रेषा वेगळ्या रंगाने गिरवून तिच्यावर उंचीचा आकडा लिहून घ्या आणि मगच थर कापा. कटर शिक्षकांच्या हातात, मुलांकडे कात्री.

निळी_शाई

थर चिकटवायला खळ वापरली तर दमट हवेत पुठ्ठा वाकतो. फेविकॉल घ्या आणि रात्रभर वर विटा ठेवा. लगदा करायचा असेल तर रद्दी दोन दिवस भिजवून, कुटून, घट्ट पिळून, चार वाट्या लगद्याला एक वाटी फेविकॉल आणि चमचाभर मोरचूद. मोरचूद विषारी आहे, ते शिक्षकांनीच हातमोजे घालून मिसळावं आणि त्यानंतर लगदा मुलांच्या उघड्या हातांत देऊ नये. नको असेल तर लगद्याचे पातळच थर द्या आणि प्रत्येक थर उन्हात कडक वाळवा.

आठवीचे_वर्गशिक्षक

आठवीला किल्ला आणि पाऊस ठेवतो, बाजार सातवीकडे देतो. हस्तलिखित तिन्ही वर्गांचं मिळून एकच, ३२ पानी. पाऊसवहीचं शेवटचं पान हस्तलिखितात घ्यावं, पण परतीचा पाऊस ऑक्टोबरातही पडतो. पानं उतरवायला कधी बंद करायची?

निळी_शाई

सर, डमीत मधलं पान, म्हणजे १६-१७, पावसाच्या आलेखासाठी कोरं ठेवा. ते एकाच तावाच्या आतल्या बाजूला सलग येतं, शिवायच्या आदल्या दिवशीही भरता येतं.